शिक्रा आणि अंगणातल्या चिमण्या



उन्हाळ्यात आपण चिमण्यांना अंगणात दाणे टाकतो. खापरात पाणी ठेवतो. चांगले काम आहे. चिमण्या जमतात, चिवचिवाट करतात. मग एकाएकी सगळे चिडीचूप होते. झाडातून एक पक्षी बाणासारखा येतो, चिमणी उचलतो आणि जातो. बाया म्हणतात, "मेल्यानं नेली!" पोरे गलोल शोधतात.

हा पक्षी म्हणजे शिक्रा. तो पारव्याएवढा असतो. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. घार आभाळात घिरट्या घालते. शिक्रा दाट पानांत लपून बसतो.

आम्ही पोरांना सांगतो, गलोल खाली ठेवा. शिक्रा दाणे खात नाही. मांस हेच त्याचे अन्न. तो चिमणी धरतो, तसेच उंदीर, सरडे आणि टोळही धरतो. उंदीर आपल्या कणगीतले धान्य खातो. मग शिक्रा आपला वैरी कसा? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा मारणे गुन्हा आहे.

मग चिमण्यांचे काय? त्याला उपाय आहे. दाणे अगदी उघड्यावर टाकू नका. काटेरी कुंपणापासून चार-पाच पावलांवर टाका. शिक्रा आला की चिमण्या काट्यांत शिरतात. पण झुडपाला लागून टाकू नका. तिथे मांजर दबा धरते. शिक्रा रोजच येऊ लागला तर आठ-दहा दिवस दाणे बंद ठेवा. चिमण्या पांगतील, मग शिक्राही दुसरीकडे जाईल.

आता खरा धोका ऐका. १९५० नंतर विलायतेत शेतकरी बियाण्याला जहाल विषारी औषधे लावू लागले. ते बी पाखरांनी खाल्ले. ती पाखरे ससाण्यांनी खाल्ली. विष अंगात साठत गेले. ससाणे मेले. अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली. कित्येक भागांत ससाणा दिसेनासा झाला. पुढे ती औषधे बंद झाली, तेव्हा तो परत आला.

यातून आपण काय घ्यायचे? पेरणीचे उरलेले औषध लावलेले बी अंगणात टाकू नका. ते चिमणीला मारील, कोंबडीला मारील, एखाद्या पोराच्याही तोंडात जाईल. शिक्रा एक चिमणी नेतो. विष सगळा थवा नेते.