स्वमग्नता रक्तात दिसते का?

रक्ताच्या एका तपासणीत मुलाची स्वमग्नता (ऑटिझम) कळेल का? आज तरी नाही. वाढीच्या काही अडचणींची खूण शरीरात नेमकी सापडते. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची बहुधा एक जादा प्रत असते. जन्मजात थायरॉइडची कमतरता तर बाळाच्या टाचेतल्या थेंबभर रक्तावरून समजते आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू केलं, तर बौद्धिक अक्षमता बहुतांशी टळते. म्हणून ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हायलाच हवी. स्वमग्नतेशी मात्र शेकडो जनुकांचा संबंध आढळला आहे. तिथे एकच खूण पुरत नाही.

मग निदान म्हणजे नुसता अंदाज का? मुळीच नाही. हाकेला न वळणं, बोटाने काही न दाखवणं, आलेलं बोलणं मागे पडणं, ही लक्षणं तज्ज्ञ ठरलेल्या कसोट्यांवर पारखतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं म्हणून थांबलं, तर शिकण्याचा मोलाचा काळ निसटतो. तपासणीने मात्र काहीच बिघडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात. तेव्हा पाटणच्या डोंगरात असा की जतच्या माळावर, शंका आली की लगेच अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा.