तिसऱ्या महिन्यातला ताप
(आकुर्डीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी लॅब टेक्निशियन आहे. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली जंतू शोधायचे, हे माझं काम. म्हणून आज मलेरियावर बोलतो.

तुम्ही म्हणाल, हल्ली आपल्याकडे डेंग्यूच असतो. खरंय, तोच जास्त दिसतो. पण चाकणच्या शेडमध्ये तुमच्या शेजारी उभा असलेला पोरगा झारखंड, ओडिशा, छत्तीसगडहून आलेला असतो, आणि तिथे मलेरिया अजून आहे. आपल्याच गडचिरोलीतही आहे. व्हायवॅक्स जातीचा जंतू तर यकृतात महिनोन् महिने दडून बसतो. त्या पोराला दोष देऊ नका. शहरात मलेरिया पसरवणारा डास गटारात नाही, स्वच्छ पाण्यात वाढतो. बिनझाकणाची टाकी आपल्याच इमारतीवर असते.

आता घरातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या भाभीला तिसरा महिना होता आणि ताप आला. रमजान होता, ती रोजेही धरत होती. सगळ्यांचं एकच मत, पोटुशी बाईला गोळ्या नकोत. दोन आठवड्यांपूर्वीच ती गडचिरोलीकडच्या माहेराहून आली होती, हे कोणी जोडून पाहिलं नाही. मी लॅबवाला, मीही गप्प बसलो. पाचव्या दिवशी रक्त काढलं. फाल्सिपॅरम निघाला. भाभी वाचली, बाळ गेलं.

फाल्सिपॅरमचे जंतू असलेल्या लाल पेशी वारेत चिकटून बसतात. पहिल्या खेपेला हा धोका जास्त. आईचं रक्त कमी होतं, बाळाचं वजन भरत नाही, कधी गर्भपात होतो. आणि जंतू वारेत लपल्यामुळे बोटातल्या थेंबात ते सापडतीलच असं नाही. म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ताप चालू असेल तर पुन्हा तपासा.

गोळ्यांची भीती फक्त आमच्या घरात नव्हती, ती वैद्यकशास्त्रातही होती. आर्टेमिसिनिन हे औषध चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने 1972 च्या सुमारास शोधलं. त्यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. पण प्राण्यांवरच्या प्रयोगात सुरुवातीच्या गर्भाला इजा दिसली. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत बाईला क्विनाइनच द्यायचे. सात दिवस कडू गोळ्या, कानात घूं घूं, साखर उतरायची. संशोधनात गर्भवतींना घेत नव्हते म्हणून पुरावा नव्हता, आणि पुरावा नाही म्हणून औषध नाही. शेवटी पुरावा मिळाला तो बराचसा दिवस गेलेत हे कळायच्या आधी औषध घेतलेल्या बायकांकडून. पहिल्या तिमाहीत हे औषध घेतलेल्या सातशेहून जास्त गर्भवतींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा इतर औषधांपेक्षा गर्भपात किंवा व्यंग जास्त आढळलं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साध्या फाल्सिपॅरमसाठी पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन देण्याची शिफारस केली. पन्नास वर्षं लागली. काळजीपोटी बाजूला ठेवणं हेही बाईला महागात पडतं, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

मलेरियाची लस पुण्यात बनते, हे तुम्ही ऐकलं असेल. ऑक्सफर्डची आर21, सीरम बनवते, तिची शिफारस ऑक्टोबर 2023 मध्ये झाली. अभिमान आहेच. पण ती पाच महिन्यांपुढच्या लहान मुलांसाठी आहे, मुख्यतः आफ्रिकेतल्या. आपल्या भाभीला तिचा उपयोग नाही.

तिला उपयोग आहे तो त्याच दिवशी रक्त तपासण्याचा. वायसीएममध्ये किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात जा, सरकारी दवाखान्यात मलेरियाची तपासणी फुकट होते. व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विन गरोदरपणातही चालतं. प्रायमाक्विन मात्र चालत नाही, तेव्हा नवऱ्याची उरलेली पट्टी बायकोला देऊ नका. कुठली गोळी, किती, ते डॉक्टर ठरवतील. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन असेल तर तीन दिवसांत सहा वेळा घ्यायचं, दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर. मग रोजा? आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. नंतर भरून काढता येतो. सासूबाई ऐकत नसतील तर इमामसाहेबांना फोन लावून द्या, तेही हेच सांगतील.

आणि डॉक्टरांना एक गोष्ट न विचारता सांगा, गेल्या काही महिन्यांत कुठे जाऊन आलात. आमच्या लॅबच्या फॉर्मवर तो रकाना नाही. मी कोपऱ्यात पेनने लिहून घेतो.