कर्जाची वही मिटवावी, बचतीचे पुस्तक उघडावे

वाशिम जिल्ह्यातील कारंजा या गावाचे नाव भारतीय शेतमाल बाजाराच्या इतिहासात मानाने घेतले जाते. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील अशा प्रकारचा हा पहिला बाजार समजला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. गाडीतील माल नीट मोजला जावा, भाव उघडपणे ठरावा आणि पिकविणाऱ्याच्या हाती पुरते दाम पडावे, हा त्यामागील हेतू होता. बाजारातील काट्याला अशा रीतीने शिस्त लागली. परंतु दाम घेऊन गाडी घरी परतल्यानंतर त्या पैशातून कोणाचे देणे आधी फिटते, कोणाचे मागे राहते आणि घरासाठी शेवटी काय उरते, हा दुसरा हिशेब कोणत्याही बाजार समितीच्या कक्षेत येत नाही. तो ज्याचा त्यानेच मांडावयाचा असतो. आजच्या भाषणाचा विषय हा दुसरा हिशेब आहे.

पैसा दोनदा, खर्च बारमाही

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. येथील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन हे प्रमुख पीक असून तूर, हरभरा व कापूस ही त्याच्या जोडीची पिके होत. नोकरदाराच्या घरी दरमहा पगार येतो. शेतकऱ्याच्या घरी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि त्यानंतर तूर-हरभऱ्याचा, असा दोन वेळाच मोठा पैसा येतो. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. मृगाच्या तोंडावर बियाणे व खत, शाळा उघडताच मुलांची फी, अवचित आलेले दुखणे आणि घरातील लग्नकार्य यांपैकी काहीही पिकाची वाट पाहत थांबत नाही. आवक व खर्च यांच्यामधील या पोकळीतच कर्ज शिरते.

कर्ज काढणे हा दोष नव्हे. पेरणीसाठी काढलेले कर्ज हे भांडवलच होय. तथापि दर न विचारता घेतलेले आणि मुदत न पाळता ठेवलेले कर्ज घराला पोखरते. त्याचे परिणाम किती दारुण होऊ शकतात, हे वाशिमने पाहिले आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशिमचा समावेश होता. त्यानंतर २००८, २०१७ व २०१९ मध्ये कर्जमाफीच्या मोठ्या योजना जाहीर झाल्या. त्यांनी बँका व सहकारी संस्थांच्या कर्जाचा भार हलका केला, हे मान्यच करावे लागेल. परंतु कृषी केंद्राची उधारी, अडत्याकडील उचल आणि खाजगी देणे या योजनांच्या बाहेरच राहिले. घराला सर्वांत महाग पडणारे कर्ज नेमके हेच असते.

“शेकडा तीन” म्हणजे किती?

कर्जमुक्तीची पहिली पायरी म्हणजे देण्यांची लेखी यादी. एका वहीत प्रत्येक देण्यासमोर पाच गोष्टी लिहाव्यात: कोणाचे, किती, कोणत्या दराने, कोणत्या मुदतीचे आणि कशाच्या तारणावर. ही यादी घरातील कर्त्या पुरुषाने एकट्याने न करता घरच्या बाईसह बसून करावी, हे उत्तम. अनेक घरांत दागिना गहाण पडल्यावरच बायकोला कर्जाचा पत्ता लागतो.

यादीतील दर सारख्या मापाने मांडणे अगत्याचे आहे. बँक सात टक्के म्हणते आणि खाजगी देणारा शेकडा तीन म्हणतो, तेव्हा वरवर पाहता तीनचा आकडा लहान दिसतो. परंतु बँकेचे सात हे वर्षाचे असतात, तर शेकडा तीन हे महिन्याचे असतात. म्हणजे वर्षाला ३६ टक्के झाले. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. शेकडा तीनच्या कर्जात नुसत्या सरळ व्याजाने मुद्दलाइतके व्याज ३३ महिन्यांत चढते, तर शेकडा पाचच्या कर्जात अवघ्या २० महिन्यांत.

व्याज नेहमी व्याजाच्या नावानेच येते, असेही नाही. पेरणीला एक पोते नेऊन सुगीला दीड पोते परत करण्याची दिढी ही चार-पाच महिन्यांतील ५० टक्के वाढ होय. रोखीने १,२०० रुपयांना मिळणारी वस्तू सहा महिन्यांच्या उधारीवर १,३८० रुपयांना पडत असेल, तर वरचे १८० रुपये हे व्याजच आहे आणि वर्षाच्या हिशेबाने ते ३० टक्के भरते. हा हिशेब एकदा कागदावर उतरला म्हणजे कोणते देणे घर खात आहे, हे कोणी सांगावे लागत नाही.

कोणते देणे आधी?

उदाहरणादाखल पाच एकर कोरडवाहू जमिनीचे एक कुटुंब घेऊ. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचे ८० हजारांचे पीककर्ज, कृषी केंद्राची २० हजारांची उधारी आणि शेकडा तीनने घेतलेले ४० हजार रुपये, असे त्याचे देणे आहे. सोयाबीन विकून घरखर्च व रब्बीचा खर्च वजा जाता ६० हजार रुपये हाती राहिले. सामान्यतः हा पैसा जो दारात उभा राहील त्याला दिला जातो. तसे न करता दर आणि मुदत या दोन गोष्टींवरून क्रम ठरवावा.

तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ठरलेल्या मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांच्या एकत्रित लाभामुळे ते जवळजवळ बिनव्याजी पडते. म्हणजे मुदतीच्या आत हे कर्ज घरावर भार टाकीत नाही. याउलट खाजगी ४० हजारांवर दरमहा १,२०० रुपये व्याज चढत असते. म्हणून सोयाबीनच्या पैशातून आधी खाजगी देणे व उधारी मिटवावी आणि तूर-हरभऱ्याचा पैसा सोसायटीच्या मुदतीसाठी राखून ठेवावा. एप्रिलऐवजी नोव्हेंबरमध्ये खाजगी देणे फिटले, तर पाच महिन्यांचे सहा हजार रुपये घरातच राहतात.

या क्रमाला एक अट आहे. सोसायटीची तारीख कोणत्याही परिस्थितीत चुकू नये. ती चुकली की व्याजाची सवलत जाते, थकबाकीदार म्हणून पुढच्या हंगामाचे कर्ज अडते आणि पेरणीसाठी पुन्हा शेकडा तीन किंवा पाचच्या दारी जावे लागते. माफीच्या आशेवर हप्ता थांबविणाऱ्याने हा धोका आधी मोजावा. रब्बीची खात्री नसेल, तर सोयाबीनच्या पैशातील काही भाग आधीच सोसायटीसाठी बाजूला काढणे शहाणपणाचे ठरते.

सुगीत भाव पडलेले असताना देण्यापायी सगळा माल विकावा लागतो, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. ज्या बाजार समित्या ती राबवितात, तेथे गोदामात ठेवलेल्या सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के दराने मिळू शकते. ३६ टक्क्यांचे देणे ६ टक्क्यांच्या उचलीतून फेडणे हा निव्वळ फायद्याचा व्यवहार होय.

कायद्याचा आधार

खाजगी देण्याला कायद्याची चौकट आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या तारण कर्जासाठी वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जासाठी १२ टक्के असे कमाल दर सरकारने ठरवून दिले. कर्जाच्या बदल्यात जमिनीचे खरेदीखत करून घेतले गेले असेल, तर पंधरा वर्षांच्या आतील अशा व्यवहाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत तो सावकारीचा व्यवहार ठरल्यास जमीन परत मिळू शकते. म्हणून दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी आणि कोऱ्या कागदावर अंगठा वा सही कदापि करू नये.

फायनान्स कंपन्यांचे हप्ते हा अलीकडचा नवा भार आहे. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज घेतले जाते आणि हप्त्यांची साखळी तयार होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लहान कर्जदार कुटुंबाचे सर्व मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक असू नयेत. कर्ज देणारा हे पाहील न पाहील, घेणाऱ्याने ते स्वतः पाहावे.

बचत गटाची शिकवण

बचतीला आरंभ करण्यासाठी कर्ज पूर्ण फिटण्याची वाट पाहावी काय? याचे उत्तर दुहेरी आहे. ३६ टक्क्यांचे देणे डोक्यावर असताना ७ टक्क्यांच्या ठेवीत मोठी रक्कम गुंतविणे हे फुटक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे. महाग कर्जाची फेड हीच त्या वेळी सर्वोत्तम गुंतवणूक ठरते. परंतु अडीअडचणीसाठी थोडी गंगाजळी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल, तर एका दुखण्याने फिटलेले कर्ज पुन्हा उभे राहते.

गावोगावच्या महिलांनी ही गोष्ट कृतीने दाखविली आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे उमेद अभियान यांच्या आधाराने चालणाऱ्या गटांची पंचसूत्री साधी आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अचूक हिशेब. गटातून घेतलेल्या कर्जाचे व्याज गटातच राहते, ही त्यातील मोठी सोय. ही पाचही सूत्रे एका घरालाही तंतोतंत लागू पडतात.

काळाला आपल्या बाजूस घ्यावे

महाग देणे मिटल्यावर दीर्घ मुदतीची बचत सुरू करावी. पोस्ट कार्यालयात व बँकेत उघडता येणारे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते १९६८ पासून चालत आलेले आहे. त्याची मुदत १५ वर्षांची असून वर्षाला किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये त्यात भरता येतात. रक्कम एकदम किंवा हप्त्यांनी भरता येत असल्यामुळे सुगीला पैसा येणाऱ्या घराला ते विशेष सोयीचे आहे.

दरवर्षी आरंभी सहा हजार रुपये भरले आणि व्याजाचा दर ७ टक्के धरला, तर १५ वर्षांत भरलेले ९० हजार सुमारे १ लाख ६१ हजार होतात. पाच-पाच वर्षांनी मुदत वाढवून हाच क्रम २५ वर्षे चालविला, तर भरलेले दीड लाख ४ लाखांच्या पुढे जातात. शेवटच्या दहा वर्षांत भरले केवळ ६० हजार, पण वाढले जवळजवळ अडीच लाख. कर्जदाराच्या विरुद्ध जाणारा काळ बचत करणाऱ्याच्या बाजूने कसा उभा राहतो, ते या आकड्यांत दिसते.

दहा वर्षांखालील मुलीच्या नावे २०१५ पासून सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात पंधरा वर्षे भरणा करावयाचा असून खाते २१ वर्षांनी परिपक्व होते. लग्नासाठी काढल्या जाणाऱ्या कर्जावर यासारखा उपाय नाही. अठरा ते चाळीस वयोगटासाठी अटल पेन्शन योजना आहे. जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये व सुरक्षा विम्याचे २० रुपये प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण देतात. शेअर बाजार व म्युच्युअल फंड यांत वाढीची शक्यता अधिक असली, तरी घटीचीही असते. म्हणून निदान सात-आठ वर्षे लागणार नाही अशीच रक्कम, सेबीकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत, तीही थोडी थोडी गुंतवावी. कर्ज काढून तेथे पैसा लावू नये.

आमिषापासून सावध

व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक ऋणकोच्या संरक्षणासाठी होता. आज हाच शब्द उलटा फिरवून अल्प मुदतीत दामदुप्पट देणाऱ्या योजना गावात येतात. ७ टक्क्यांनी पैसा दुप्पट व्हावयास सुमारे दहा वर्षे लागतात. तो दोन वर्षांत करून देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. सहकारी बँकांसह बँकांतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना ते नाही. ठेव ठेवण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.

बंधु-भगिनींनो, पाऊस आणि बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नाहीत. कोणत्याही वहीने दुष्काळ टळत नाही, हेही खरे. परंतु कोणते देणे आधी फेडावे, सोसायटीची तारीख कोणती आणि सुगीच्या पैशातून पहिले सहा हजार कोठे ठेवावेत, हे त्याच्या हाती आहे. कारंज्याच्या काट्याला शिस्त लागून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. येत्या सुगीला सोयाबीनची पट्टी हातात पडेल, त्याच संध्याकाळी प्रत्येक घरात ती पाच रकान्यांची वही उघडली जावी.