बोट कुठं टेकलं?



चप्पल पायातून निसटली, आणि चालणाऱ्याला पत्ताच नाही.
मधुमेहामुळे पायांच्या नसा अधू झाल्या, की असं होऊ शकतं.
याला न्यूरोपॅथी म्हणतात.

कुणाला मुंग्या येतात.
कुणाच्या तळव्यांची रात्रभर आग होते.
कुणाला मात्र काहीच जाणवत नाही, आणि खरी धास्ती तिथंच.
खडा रुततो, जखम चिघळते, तरी दुखत नाही.

इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी एक साधी चाचणी काढली.
यंत्र नाही, सुई नाही.
लागतं फक्त दुसऱ्या माणसाचं बोट.

मधुमेही माणूस मोजे काढतो, आडवा होतो, डोळे मिटतो.
घरातलं कुणीतरी त्याच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी
यांच्या टोकांना हलकेच स्पर्श करतं.
एक-दोन सेकंद.
दाबायचं नाही. गुदगुल्या तर नाहीतच. नातवंडांना हे आधी बजावलेलं बरं!

दोन्ही पायांची मिळून सहा बोटं.
दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही, तर पाय डॉक्टरांना दाखवायचे.

पुन्हा ऐका: ही चाचणी एकट्यानं होत नाही. दुसरा माणूस हवाच.

ब्रिटनमधली ‘डायबिटीस यूके’ ही संस्था हीच चाचणी घरोघरी पोहोचवते.
संस्था १९३४ सालची.
ती उभारली डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि त्यांचे पेशंट, लेखक एच. जी. वेल्स यांनी.
दोघेही मधुमेही.
आज तिचे स्थानिक गट भरतात, आणि रात्रीच्या त्या आगीबद्दल तिथं मोकळेपणानं बोलता येतं.

घरच्या चाचणीनंतरही दवाखान्यातली वार्षिक पायतपासणी चुकवायची नाही.