भिंतीतलं दार



पुण्याच्या कसबा पेठेत कुणालाही पत्ता विचारा, तो दोन-तीन वाटा सांगेल. इकडून जा, नाहीतर त्या बोळातून, गर्दी असली तर मागच्या गल्लीनं. पेठांमधले वाडे पडले, इमारती झाल्या. गल्ल्या मात्र बहुतेक होत्या तिथेच आहेत. घर दोन पिढ्यांत बदलतं, रस्ता एकदा पडला की शतकं टिकतो. म्हणून नवा रस्ता चुकीचा पडताना पाहिला की जीव तुटतो.

मी राहतो शहराच्या कडेला. इथे परवापरवापर्यंत ऊस होता. २०१७ साली ११ गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३. पण इमारती त्याआधीच उठू लागल्या होत्या. एकेक गट नंबर विकला गेला. घेणाऱ्यानं आपल्यापुरता रस्ता केला आणि हद्द आली तिथे भिंत घातली. शेजारच्यानंही तेच केलं. पूर्वी तिथे बांध होता, त्यावरून माणूस चालत तरी जायचा.

आमच्या गच्चीतून पलीकडची शाळा दिसते, प्रार्थनाही ऐकू येते. भिंत नसती तर चार मिनिटांची वाट. रस्त्यानं दोन किलोमीटर. म्हणून पहिलीतल्या पोरालाही गाडीवरून सोडायचं, आणि साऱ्या सोसायट्यांच्या गाड्या एकाच चौकात. मग उड्डाणपुलाची मागणी!

त्या भिंतीला एका जागी दोन्ही बाजूंनी सिमेंटचे ब्लॉक रचलेले होते. सकाळी कामाला येणाऱ्या बायका डबा आधी भिंतीवर ठेवायच्या, पदर खोचून चढायच्या. गेल्या वर्षी तिथे काटेरी तार आली. आता त्या अर्धा तास आधी घर सोडतात.

अशा भिंती टाळता येतात. आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यातच सोय आहे: जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे, मग ज्याचा त्याला भूखंड परत द्यायचा. अमेरिकेतही नव्या वस्त्यांमधले असे तुटक, बंद रस्ते १९९४ च्या सुमारास कळसाला पोचले आणि मग कमी होऊ लागले.

आमच्या सोसायटीकडे मी अर्ज दिलाय. भिंतीत माणूस जाईल एवढं दार, सकाळी सहा ते रात्री दहा उघडं. चोरीची भीती खरी आहे, तेव्हा तिथे एक वॉचमन बसवू. पुढच्या रविवारी सभा आहे.