हजेरीपटावरचं नाव आणि वर्गातलं मूल



अंबानगरीत, म्हणजे अमरावतीत, या संमेलनासाठी आपलं मनापासून स्वागत. रात्रीच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून काही जण तसेच मंडपात आले आहेत, ते मला इथून चेहऱ्यांवरून कळतंय. मागच्या बाजूला चहा ठेवलाय. भाषण सुरू असताना उठून गेलात तरी स्वागताध्यक्ष म्हणून मी रागावणार नाही.

रीतीप्रमाणे मी आता जिल्ह्याची थोरवी सांगायची. गाडगेबाबांची आणि पंजाबराव देशमुखांची महती मी तुम्हाला नव्यानं काय सांगणार! आजच्या विषयासाठी, म्हणजे दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी, मला इथली दोन माणसं महत्त्वाची वाटतात. पहिले माधानचे संत गुलाबराव महाराज. जन्म १८८१चा. तान्हेपणीच दृष्टी गेली, जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य लाभलं आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ झाले. कसे झाले? कुणीतरी वाचून दाखवायचं, महाराजांनी ऐकायचं. महाराजांनी सांगायचं, कुणीतरी लिहून घ्यायचं. आज दहावीच्या परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या मुलाला आपण किती दाखले आणायला लावतो, ते आठवून बघा. प्रज्ञाचक्षू म्हणून महाराजांपुढे हात जोडणारे आपणच, आणि अर्जावरचा शिक्का पुसट आहे म्हणून त्या पोराला परत पाठवणारेही आपणच.

दुसरे, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा जिल्ह्यात पेढे वाटले गेले. माझा प्रश्न एवढाच, की वझ्झरचं एखादं मूल उद्या आपल्या शाळेच्या दारात उभं राहिलं, तर पेढे वाटणारे आपण त्याला आत घेऊ का?

‘तुमच्यासाठी खास शाळा आहे ना, तिथं त्याची नीट काळजी घेतील,’ हे वाक्य आपल्याकडे फार गोड आवाजात म्हटलं जातं. मी स्वतः संस्थाचालक आहे, त्यामुळे हा आवाज कोणत्या खोलीतून येतो ते मला ठाऊक आहे. या वाक्याला कायद्याचा आधार नाही. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्राची योजना १९७४ची, म्हणजे अर्धशतक उलटलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं स्पष्टपणे आली. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. ज्या मुलाचं अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड त्या मुलाची. शाळेची नव्हे.

या एकवीसांपैकी कितीतरी प्रकार डोळ्यांना दिसतच नाहीत. कुबडी दिसते, श्रवणयंत्र दिसतं. अध्ययन अक्षमता दिसत नाही. तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं देणारा मुलगा वहीत ‘ब’ आणि ‘व’चा घोळ घालतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, आणि वर्षानुवर्षं ‘लक्ष नाही, आळशी आहे’ हा शेरा प्रगतिपुस्तकातून घरी नेतो. सिकलसेलही याच यादीत आहे. विदर्भातल्या शिक्षकाला हा आजार नवा नाही. तरी थंडीत सांधे धरले म्हणून कवायतीला न आलेल्या मुलीला मैदानात उभं केलं जातं. तिला हवं तेव्हा पाणी पिऊ देणं आणि लघवीला जाऊ देणं, ही तिच्यासाठीची सोय आहे. या सोयीला एक पैसाही लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

मूल पटावर घेतलं म्हणजे समावेशन झालं, अशी आपली समजूत दिसते. रकान्यात ‘सीडब्ल्यूएसएन’, म्हणजे विशेष गरजा असलेलं मूल, असं लिहिलं, माहिती ऑनलाइन भरली, काम झालं. मग ते मूल शेवटच्या बाकावर बसतं. सगळी मुलं पुस्तक वाचतात तेव्हा त्याच्यापुढे चित्र रंगवायला असतं, आणि तपासणीला कुणी आलं की विचारणा होते, ‘विशेष शिक्षक कधी येतात?’ विशेष शिक्षकांविषयी मला नितांत आदर आहे. बरीच वर्षं तुटपुंज्या मानधनावर, करारावर, या शाळेतून त्या शाळेत फिरत त्यांनी हा गाडा ओढला. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सांगितलं. महाराष्ट्रानं २०२४मध्ये केंद्र पातळीवर, म्हणजे शाळांच्या समूहामागे, विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांचा निर्णय घेतला, त्याचं स्वागतच आहे. पण हिशेब बघा. केंद्राला एक शिक्षक आणि केंद्रात दहा-बारा शाळा. आठवड्यातून एखादा तास मिळाला तरी नशीब. उरलेला सगळा आठवडा मूल कुणाचं? वर्गशिक्षकाचंच. हे मान्य केल्याशिवाय आजच्या चर्चेला काही अर्थ राहत नाही.

वर्गशिक्षक म्हणतील, साहेब, साठ पोरं आहेत वर्गात. खरं आहे, आणि हा भार हलका करणं आम्हा संस्थाचालकांचं व शासनाचं काम आहे. तरीही काही गोष्टी साठांतही जमतात. वर्गात कमी ऐकू येणारं मूल असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. त्याला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. फळ्यावर लिहिताना ते मोठ्यानं म्हणावं, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही कळतं. प्रश्नपत्रिका एकदा वाचून दाखवावी. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला आधी सांगून ठेवावं, की उद्या तू हा परिच्छेद वाचायचास. गंमत म्हणजे याचा फायदा मागच्या बाकांवरच्या निम्म्या वर्गाला होतो. ‘त्याच्यामुळे आमच्या मुलाचं नुकसान होतं,’ असं पालक सभेत सांगणाऱ्यांना हेच उत्तर द्यावं.

आता आमच्या, म्हणजे संस्थाचालकांच्या वाट्याचं. उताराचं प्रमाण एकास बारा. दाराशी उंची दीड फूट असेल तर उतार अठरा फूट लांब हवा. कितीतरी शाळांत तो पाच-सहा फुटांत उरकलेला असतो. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, आणि उतरली तर थेट रस्त्यावर येते. मधल्या सुट्टीत दिव्यांगांचं स्वच्छतागृह कुलूपबंद असतं आणि किल्ली गावाला गेलेल्या शिपायाकडे असते. त्यामुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मोठ्या झाल्या की शाळा सोडतात. गळतीची कारणं शोधायला समिती नेमायची गरज नाही, ती किल्ली शोधा.

कागदपत्रांचंही तेच. दहावीला मंडळ जादा वेळ देतं, लेखनिक देतं, पण आपल्याला त्याची आठवण नववीच्या शेवटी होते. मेळघाटात धारणीकडच्या कोरकू आईबापांना अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात यायचं म्हणजे घाट उतरायचा आणि मजुरी बुडवायची. इथं आल्यावर कळतं, की आज डॉक्टर नाहीत. प्रमाणपत्रांचं शिबिर मेळघाटातच भरवा, ही मागणी या व्यासपीठावरून व्हावी, असं मला वाटतं.

एक सावधगिरीही सांगतो. सर्व विशेष शाळा बंद करा, असा उत्साहाचा सूर अधूनमधून निघतो. मला तो पटत नाही. खुणांची भाषा येणारं एकही माणूस ज्या शाळेत नाही, तिथं कर्णबधिर मूल चाळीस जणांत एकटं पडतं, आणि त्या एकटेपणाला समावेशन म्हणायला माझं मन धजत नाही. मुंबईत कर्णबधिरांचं शिक्षण एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं. इतक्या वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या या शाळांकडून आपण शिकायला हवं. म्हणूनच त्यांचे शिक्षक इथं पाहुणे म्हणून नाहीत, तर सत्रं चालवायला आले आहेत.

आता व्यवस्थेचं सांगून थांबतो. मंचाच्या डाव्या बाजूला खुणांच्या भाषेचे दुभाषी उभे आहेत. त्या बाजूच्या पहिल्या तीन रांगा कर्णबधिरांसाठी कृपया मोकळ्या कराव्यात. जेवणात गिला वडा आहे, तिखट सोसत नसेल त्यांनी वाढप्याला आधी सांगावं. दुपारी तीनचं सत्र संस्थाचालकांसाठी आहे. जेवण झाल्यावर कुणी परस्पर गाडी काढू नये. आपापल्या शाळेच्या उताराची लांबी आणि उंची मोजून आणण्याची विनंती निमंत्रणपत्रिकेत केलीच होती, ते आकडे तिथं प्रत्येकाला वाचून दाखवायचे आहेत. माझ्या संस्थेच्या चारही शाळांचे आकडे मी सर्वांत आधी वाचणार आहे.

उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.