अंडं कोणाच्या ताटात?

(कांजूरमार्ग येथे वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

मी काही भाषण करणारी बाई नाही. कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला माझं अंड्यांचं छोटं दुकान आहे. क्रॉम्प्टनची पाळी सुटली की गिऱ्हाइकांची झुंबड उडायची, तेव्हापासून मी तिथे बसते. आता ट्रेमधल्या मोकळ्या अंड्यांशेजारी सहा-सहा अंड्यांची खोकी आली आहेत. वर लिहिलेलं असतं, 'सेलेनियमयुक्त'. माझ्याकडे येतात त्यांची किंमत साध्या अंड्याच्या दुप्पट. परवा एक गरोदर सून विचारत होती, "मावशी, बाळासाठी हीच घेऊ का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून चार जाणत्यांना विचारून माहिती काढली. तीच सांगते.

सेलेनियम हे मातीतलं मूलद्रव्य. मातीतून पिकात आणि पिकातून आपल्या पोटात येतं. थायरॉइड नीट चालायला, पेशींची झीज रोखायला ते लागतं. पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. चीनमध्ये केशान भागातल्या मातीतच ते फार कमी होतं. तिथे १९३५ साली हृदयविकाराची साथ नोंदली गेली. बळी पडली ती मुख्यतः लहान मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका.

कोंबडीच्या खाद्यात मका, सोयापेंड, शिंपल्यांचा चुरा आणि खनिजांचं मिश्रण असतं. त्या मिश्रणात थोडं सेलेनियम एरवीही घालतात, कारण कोंबडीलाही ते लागतं. 'युक्त' अंड्यासाठी ते वाढवतात, बरेचदा सेलेनियम मुरवलेल्या यीस्टमधून. ते अंड्यात उतरतं. साध्या अंड्यात सुमारे १५ मायक्रोग्रॅम असतं, या अंड्यात दुप्पट होऊ शकतं. म्हणजे खोक्यावरचं लिहिणं खोटं नाही. पण हिशोब करा. त्याच पैशात दोन साधी अंडी येतात. सेलेनियम जवळपास तेवढंच, आणि प्रथिनं मात्र सहाऐवजी बारा ग्रॅम!

आणि जास्त म्हणजे चांगलं, हाही भ्रम नको. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपास केला. रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार वाढलेलं आढळलं. रेशनवर आलेल्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट असल्याचं त्यांनी सांगितलं. डोक्याला रुमाल बांधून घरी बसलेल्या तरुण मुलींची लग्नं अडल्याच्या बातम्या आल्या. रेशनचं धान्य निवडून घ्यायची सोय गरीब बाईला कुठे असते?

आता माझी गोष्ट. इतकी वर्षं अंडी विकली, पण घरी खाल्लं ते तडकलेलं अंडं उरलं तरच. दोन तडकली तर एक नवऱ्याला, एक मुलाला. मला आणि मुलीला रस्सा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या ताटावरून मी शिकले, माझ्या ताटावरून मुलगी शिकली. खोक्यातलं महागडं अंडं घरी नेलं, तरी ते याच वाटेने जाणार. खाद्यात काय घातलं हे कंपनी ठरवते. ताटात काय पडतं ते आपण ठरवू शकतो.

घराबाहेरही हेच चाललंय. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं, असं सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणी काढा म्हणून सांगितलं. वस्तीतल्या शाळेने वर्गणी कुणाकडे मागायची? ज्या मुलीला घरी रस्साच मिळतो, तिच्या हक्काचं ते अंडं होतं.

त्या सुनेला मी सांगितलं, "पोरी, साधीच ने. नीट उकड. आणि वाढताना पहिलं स्वतःच्या ताटात ठेव." ती हसली. म्हणाली, "सासूबाई काय म्हणतील?"

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी आता सासवा आहेत. त्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायचं आहे.